काही त्रास नसताना स्तनांची तपासणी करावी का? खान्देशातल्या घरांसाठी

माझी मावशी चोपड्याकडची. कापूस वेचून आली, कमरेची झोळी सोडून अंघोळीला बसली, तेव्हा हाताला हरभऱ्याएवढी गाठ लागली. डाव्या बाजूला, काखेजवळ. तिने कुणाला सांगितलं नाही. वेचणी संपली, मग मुलाचं लग्न निघालं, मग उन्हाळा आला. मला कळलं तेव्हा आठ महिने उलटले होते. मी रागावले, तर ती शांतपणे म्हणाली, "दुखस नही, ते काबरं दखाडू?" दुखत नाही, तर कशाला दाखवू. तालुक्याच्या गावातल्या एका डॉक्टरांनी गाठ हाताने न तपासताच गोळ्या लिहून दिल्या, त्यात आणखी दोन महिने गेले. तो स्तनाचा कर्करोग होता. मावशी आज नाही.

तिच्यासाठी दवाखान्यांच्या चकरा मारताना मी खूप विचारलं, वाचलं, समजून घेतलं. मी शाळेत शिकवते, डॉक्टर नाही. पण तेव्हापासून नात्यातल्या, गल्लीतल्या बायका मला विचारतात. "शिबिर आहे, जाऊ का?" "मुलगा म्हणतो मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, करून घे, मला तर काहीच होत नाही." प्रत्येकीला एकच उत्तर देता येत नाही. ठरवायचं कसं, ते मात्र सांगता येतं.

पायरी १: त्रास आहे की नाही, हे आधी वेगळं करा

सगळा घोळ इथे होतो. काही लक्षण नसताना, धडधाकट असताना करतात ती नियमित तपासणी. तिच्याबद्दल विचार करायला वेळ आहे; आज नाही तर पुढच्या महिन्यात ठरवलं तरी चालतं. पण लक्षण दिसलं असेल तर ती गोष्टच वेगळी. तिथे "करू की नको" हा प्रश्नच उरत नाही, शिबिराची वाटही बघायची नाही.

लक्षणं अशी: स्तनात किंवा काखेत नवी गाठ किंवा घट्टपणा. एका स्तनाचा आकार बदलणं. कातडी ओढली जाणं, खळी पडणं, संत्र्याच्या सालीसारखी दिसणं. बोंडाचं (स्तनाग्राचं) टोक नव्याने आत जाणं. बोंडातून रक्त किंवा रक्ताळ पाणी येणं. बोंडावर बरी न होणारी खपली किंवा जखम. यातलं काहीही असेल तर वय २५ असो की ७५, याच आठवड्यात सर्जनला दाखवा. पाळीच्या आधी दोन्ही बाजूंना जडपणा येऊन दुखतं, ते बहुतेक वेळा साधं असतं. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, म्हणून "दुखत नाही" हा दिलासा समजू नका.

हेही लक्षात ठेवा की हाताला लागणाऱ्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, तरुण मुलींमध्ये तर विशेषच. पण ती साधी आहे हे कुणी बघून, हात लावून, सोनोग्राफीसारखं आतलं चित्र काढून सांगायला हवं. डॉक्टरांनी हाताने तपासलं नाही तर स्पष्ट सांगा, "साहेब, एकदा हात लावून बघा." नाहीतर दुसरीकडे जा. अंगावर पाजणाऱ्या बाईला "दुधाची गाठ आहे" म्हणून परत पाठवलं आणि दोन-तीन आठवड्यांत ती विरली नाही, तर पुन्हा दाखवा, सोनोग्राफी मागा. पुरुषांनाही हा आजार होतो, शंभरात एखादा रुग्ण पुरुष असतो. घरातल्या माणसाच्या छातीत गाठ असेल तर त्यालाही घेऊन जा.

पुढचं सगळं, ज्यांना यातलं काहीच नाही त्यांच्यासाठी.

पायरी २: अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी विचारा

तपासणी करायची की नाही हे दोन गोष्टींवर सर्वांत जास्त अवलंबून असतं: तुमचं वय आणि घरातला इतिहास. वय माहीत असतं. इतिहास बहुतेकींना अर्धाच माहीत असतो, कारण आपल्याकडे "तिला छातीचा आजार होता" एवढ्यावर बोलणं थांबतं. तो दमा होता की कर्करोग, हे पुतण्यांना कळत नाही.

अखाजीला सगळ्या बहिणी माहेरी येतात, आत्याही येतात. झोक्यापाशी बसल्यावर हे विचारून घ्या: आई, बहीण, मावशी, आत्या, दोन्हीकडच्या आजी, यांच्यापैकी कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला होता का? कितव्या वर्षी? वडिलांकडची बाजू हमखास विसरली जाते. दोष असलेलं जनुक वडिलांकडूनही तेवढंच येतं, म्हणून आत्याचा आजार मावशीच्या आजाराइतकाच मोजायचा.

आईला किंवा बहिणीला झाला असेल, त्यातही पन्नाशीच्या आत, किंवा एकाच बाजूच्या दोन-तीन जणींना झाला असेल, तर तुमचा रस्ता इतरांपेक्षा वेगळा. अशांची तपासणी डॉक्टर बहुधा लवकर सुरू करतात. नातेवाईक बाईला ज्या वयात आजार झाला त्याच्या साधारण दहा वर्षं आधीपासून, असा एक हिशेब असतो. एमआरआय किंवा जनुकांची चाचणीही सुचवू शकतात. हे कर्करोगतज्ज्ञांशी बोलून ठरवा, या लेखावरून नाही. तरुणपणी दुसऱ्या आजारासाठी छातीवर किरणं घेतली असतील तर तेही त्यांना सांगा.

घरात कुणालाच नसलं म्हणजे आपल्याला होणार नाही, असं मात्र नाही. बहुतेक रुग्णांच्या घरात असा इतिहास नसतोच. वारशाने येणारा आजार शंभरात साधारण ५ ते १० जणींचा.

पायरी ३: हाताची तपासणी, जी घराजवळ मिळते

मॅमोग्राफीच्या गप्पांत ही मागे पडते. मी मात्र खान्देशातल्या बाईला आधी हीच सांगते.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या आराखड्यात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर ५ वर्षांनी प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्याकडून स्तनांची हाताने तपासणी सांगितली आहे, सोबत तोंडाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचीही. आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात, कंबर मोजतात, तंबाखूचं विचारतात, त्या फॉर्ममध्ये स्तनात गाठ आहे का, बोंडातून रक्त येतं का, हेही असतं. पुष्कळ बायका तिथे लाजून "नाही" म्हणून टाकतात. आशाताई गावातलीच, कुणाची तरी जाऊ, कुणाची नणंद. तिच्यासमोर बोलायला नको वाटतं. तसं वाटत असेल तर फॉर्म भरा, पण तपासणी उपकेंद्रात, आरोग्य मंदिरात किंवा ग्रामीण रुग्णालयात नर्सताईंकडे करून घ्या. पैसे लागत नाहीत.

नीट तपासणी कशी असते ते माहीत असलं की फसवणूक होत नाही. पडद्याआड किंवा खोलीत, आधी बसवून बघतात, हात वर करायला सांगतात, मग झोपवून मधल्या तीन बोटांच्या पेरांनी सगळा स्तन गोल-गोल दाबत तपासतात. गळ्याच्या हाडापर्यंत आणि काखेतही. ब्लाऊजवरून अर्ध्या मिनिटात उरकलं तर ती तपासणी झालेली नाही.

याचा उपयोग होतो का? याचं उत्तर आपल्याच राज्यातून आलं आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल या कर्करोग रुग्णालयाने १९९८ मध्ये वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून जास्त स्त्रियांना दोन गटांत घेतलं. एका गटाची प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, तपासणी झालेल्या गटात गाठी लवकरच्या टप्प्यावर सापडत होत्या. पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांमध्ये या आजाराचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी होते. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांमध्ये मात्र मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही. सगळ्या वयांचा मिळून फरक ठामपणे सांगण्याइतका मोठा नव्हता.

म्हणून पन्नाशी ओलांडलेल्या बाईला मी सरळ सांगते, दर एक-दोन वर्षांनी हाताची तपासणी करून घ्या. तिशी-चाळिशीतल्या बाईनेही करावी, पण त्यातून किती साधेल याची अपेक्षा माफक ठेवावी.

"मग घरच्या घरी दर महिन्याला आपणच केली तर?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. चीनमध्ये शांघायच्या कापड गिरण्यांमधल्या अडीच लाखांहून जास्त कामगार स्त्रियांवर याचा मोठा अभ्यास झाला. निम्म्या जणींना स्वतःची तपासणी शिकवली. दहा वर्षांनंतर दोन्ही गटांतले मृत्यू सारखेच निघाले. शिकवलेल्या गटात साध्या गाठींच्या बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणं) तेवढ्या जास्त झाल्या. म्हणून तारीख लावून, धास्तीने चाचपत बसू नका. अंघोळ करताना, कपडे बदलताना आपलं शरीर नेहमी कसं असतं हे माहीत असू द्या, आणि नेहमीपेक्षा वेगळं काही लागलं की पायरी १ वर या.

पायरी ४: मॅमोग्राफी करायची का, हे ठरवणं

मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा एक्स-रे. हाताला न लागणारी बारीक गाठ किंवा चुन्यासारखे ठिपके यात दिसतात. अमेरिकेत ४० ते ७४ वयाच्या स्त्रियांना दर दोन वर्षांनी सांगतात, ब्रिटनमध्ये ५० ते ७१ या वयात दर तीन वर्षांनी बोलावतात. आपल्याकडे सरकारकडून असं सरसकट बोलावणं येत नाही. त्यामुळे निर्णय तुमच्याकडे येतो, आणि निर्णय घ्यायचा तर फायद्याबरोबर तोटाही माहीत हवा. शिबिराच्या बॅनरवर तोटा कधी लिहिलेला नसतो.

ब्रिटनमध्ये २०१२ मध्ये तज्ज्ञांच्या स्वतंत्र समितीने जुने सगळे अभ्यास तपासून हिशेब मांडला. पन्नाशीपासून वीस वर्षं १०,००० स्त्रियांना तपासणीसाठी बोलावलं, तर या आजाराचे ४३ मृत्यू टळतात. आणि १२९ स्त्रियांना अशा कर्करोगाचं निदान होतं, जो तपासणी केली नसती तर त्यांच्या आयुष्यात कधी त्रास द्यायला आलाच नसता. काही कर्करोग इतके हळू वाढतात की बाई म्हातारी होऊन दुसऱ्याच कारणाने जाते. पण निदान झालं त्या दिवशी कुठला हळू आणि कुठला आक्रमक, हे खात्रीने सांगता येत नाही. त्यामुळे उपचार सगळ्यांवर होतात: शस्त्रक्रिया, किरणं, गोळ्या. एक जीव वाचतो तिथे साधारण तिघींना नको असलेले उपचार मिळतात.

दुसरा तोटा खोट्या धोक्याचा. अमेरिकेत मॅमोग्राफी केलेल्या १०० जणींपैकी सुमारे १० जणींना आणखी तपासणीसाठी परत बोलावतात आणि त्यांतल्या बहुसंख्य जणींना कर्करोग नसतो. पण मधले दिवस कसे जातात ते त्यातून गेलेल्या बाईला विचारा. माझ्या वहिनीला एकदा परत बोलावलं होतं. नऊ दिवस तिने घरात कुणाशी धड बोलणं केलं नाही, रात्री उठून देवघरात बसायची. गाठ पाण्याची निघाली.

हे आकडे तिकडचे आहेत हेही धरा. ब्रिटनमध्ये लाख स्त्रियांमागे जेवढ्या जणींना हा आजार होतो, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी आपल्याकडे होतो. रोगच कमी, तर तपासणीने वाचणाऱ्यांचा आकडाही लहान असणार. दुसरीकडे, आपल्याकडे निदान फार उशिरा होतं आणि म्हणून मृत्यूचं प्रमाण मोठं आहे. २०२२ साठीच्या जागतिक अंदाजानुसार भारतात सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्ण आणि ९८ हजार मृत्यू. आपल्याकडे पन्नाशीच्या आत आजार होणाऱ्याही पुष्कळ आहेत, म्हणून कुणी म्हणतं, मग तिशीतच मॅमोग्राफी करा. तसं चालत नाही. तरुणपणी स्तन दाट असतो, चित्र पांढरं दिसतं, गाठही पांढरीच दिसते. चुकण्याची शक्यता वाढते.

माझं मत विचाराल तर असं आहे. चाळिशीच्या आत, घरात इतिहास नसताना, मॅमोग्राफी नको. ४० ते ५० मध्ये डॉक्टरांशी बोलून ठरवा. नाही म्हटलं तरी ते बेजबाबदारपणाचं नाही. ५० ते ७० मध्ये, पुढची पायरी तुम्हाला जमणार असेल तर, दोन-तीन वर्षांतून एकदा करण्यात अर्थ आहे. पंचाहत्तरीच्या पुढे किंवा हृदयाचा, किडनीचा मोठा आजार असलेल्या आजीला ओढत नेऊ नका. या तपासणीचा फायदा दिसायलाच साधारण दहा वर्षं लागतात, त्रास मात्र लगेच होतो.

पायरी ५: जाण्याआधी "पुढे काय" हे ठरवा

मला सर्वांत जास्त सांगायचं आहे ते इथे.

गल्लीतल्या एका काकूंची शिबिरात तपासणी झाली. "पुढील तपासणीसाठी जिल्ह्याला जावे" अशी चिठ्ठी मिळाली. पाच महिन्यांनी त्यांच्याकडे पापड लाटायला गेले, फळीवरचा डबा काढला, तर डब्याखाली अंथरलेल्या वर्तमानपत्राच्या घडीत ती चिठ्ठी. तेलाचा डाग पडलेली. काकू म्हणाल्या, "कोण नेणार? मुलगा सुरतेला, ह्यांना शेत सुटत नाही." त्यांच्या मनात भीती होती, लाजही होती, पण अडलं होतं ते सोबतीवाचून.

तपासणीने कुणी वाचत नाही. तपासणी, मग सोनोग्राफी किंवा बायोप्सी, मग उपचार, ही साखळी पूर्ण झाली तर वाचतं. खान्देशात ही साखळी तुटते ती पहिल्या आणि दुसऱ्या कडीमध्ये. म्हणून शिबिरात नाव घालण्याआधी घरात बसून या गोष्टी ठरवा.

परत बोलावलं तर कुठे जाणार? जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. मॅमोग्राफी सध्या सुरू आहे का, कोणत्या वारी असते, बायोप्सीचा रिपोर्ट किती दिवसांनी मिळतो, हे जाण्याआधी फोनवर विचारा. शिबिरवाल्यांनाही तोंडावर विचारा: "काही निघालं तर पुढची तपासणी कोण करणार आणि खर्च कुणाचा?" ज्यांच्याकडे याचं उत्तर नाही, त्यांच्याकडे जाऊ नका.

सोबत कोण येणार? नाव ठरवा, "कुणीतरी येईल" असं ठेवू नका. मुलगा नसेल तर जाऊ, बहीण, शेजारीण. एसटीत २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, दोघींचं मिळून एकीचं भाडं.

पैशाचं काय? कर्करोगाचे उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आणि आयुष्मान भारतमध्ये, नोंद असलेल्या रुग्णालयात, होतात. पण या योजना मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी. ओपीडीत केलेली साधी मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी खाजगीत केली तर पैसे बहुधा आपल्याच खिशातून जातात. तेवढे बाजूला काढा. रेशन कार्ड आणि आधारवरचं नाव जुळतं का ते आत्ताच बघा. माहेरचं-सासरचं नाव वेगळं असल्याने ऐनवेळी बायका अडकतात. रुग्णालयात या योजनांचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राचं टेबल असतं, पहिल्यांदा तिथे जा. मुंबईला टाटाला जायची वेळ आली तर कर्करोगाच्या रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला रेल्वे भाड्यात सवलत मिळते, त्यासाठी रुग्णालयाचा दाखला लागतो.

आणि बायोप्सीला हो म्हणणार का? "सुई लावली की गाठ चवताळते" हे आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. सुईच्या तपासणीने आजार पसरत नाही. गाठ कसली आहे हे कळल्याशिवाय कुणी चांगला डॉक्टर उपचार सुरू करणार नाही. बायोप्सी नकोच असं मनात पक्कं असेल, तर नियमित मॅमोग्राफीही करू नका. नुसती धास्ती पदरात पडेल.

लवकर सापडलं तर पुष्कळदा फक्त गाठ काढून स्तन वाचवता येतो, हे नवऱ्यालाही सांगा.

पायरी ६: तपासणीच्या दिवशी

पाळी येत असेल तर ती संपल्यावरच्या आठवड्यात जा, तेव्हा कमी दुखतं. काखेत, छातीवर पावडर, अत्तर, मलम लावू नका; चित्रात ठिपके दिसून गोंधळ होतो. साडी-ब्लाऊज किंवा सलवार-कमीज सोयीचं, कारण वरचे कपडे काढायला लागतात. बाई टेक्निशियन आहे का ते आधीच विचारा. स्तन दोन पट्ट्यांमध्ये काही सेकंद दाबतात, प्रत्येक बाजूची दोन चित्रं घेतात. दुखतं, पण सोसवतं. किरणांचं प्रमाण कमी असतं. दिवस गेले असण्याची शक्यता असेल तर आधी सांगा.

रिपोर्टमध्ये बायरॅड्स असा शब्द आणि पुढे आकडा असतो. १ आणि २ म्हणजे काळजी नाही. ३ म्हणजे बहुधा साधं, सहा महिन्यांनी पुन्हा बघू. ४ किंवा ५ आला तर बायोप्सी. शून्य बघून बायका खूश होतात, पण शून्य म्हणजे तपासणी अपुरी, आणखी चित्रं हवीत. जुन्या फिल्म आणि रिपोर्ट एका पिशवीत जपून ठेवा, पुढच्या वेळी तुलना करायला तेच लागतात.

मॅमोग्राफी नॉर्मल आली आणि तीन महिन्यांनी गाठ लागली, तर "आत्ताच तर केली होती" म्हणून थांबू नका. चित्रात काही गाठी सुटतात.

शरीराची उष्णता मोजून कर्करोग सांगणारी यंत्रं शिबिरांतून फिरतात. ती मॅमोग्राफीच्या जागी चालत नाहीत. रक्ताच्या एका चाचणीवर स्तनाचा कर्करोग लवकर ओळखता येतो असं सांगून पॅकेज विकणाऱ्यांनाही पैसे देऊ नका.

दोघींनी काय ठरवलं

माझी वहिनी ५४ वर्षांची, भुसावळला राहते. परत बोलावण्याचे ते नऊ दिवस भोगूनही ती दर दोन वर्षांनी मॅमोग्राफीला जाते. जळगाव तासाभरावर, मुलगी सोबत येते, आणि तिला स्वतःला "बघितलेलं बरं" असं वाटतं.

माझी मोठी बहीण ४७ ची, धडगावकडे सासर. नंदुरबारला जाऊन यायचं तर दिवस जातो, घाटरस्ता, पावसाळ्यात आणखी वेळ. आमची मावशी अशी गेली म्हणून तिलाही मॅमोग्राफी करायची होती. आम्ही दोघी डॉक्टरांकडे बसलो. मावशीला आजार साठीनंतर झाला होता, आईला आणि आत्यांना नाही. डॉक्टर म्हणाले, धोका किंचित वाढतो, खूप नाही. बहिणीने ठरवलं, वर्षातून एकदा नर्सताईंकडून हाताची तपासणी, आणि पन्नाशी झाली की पुन्हा विचार. तिने मला विचारलं, "मधे काही लागलं तर?" मी माझा नंबर तिच्या सासूच्या फोनमध्येही टाकून दिला. त्या दिवशी मी शाळेतून रजा काढून येणार, हे दोघींना सांगून ठेवलं आहे.